पदवी कीं कसब ?

दरसाल परीक्षांचे निकाल लागले कीं शिरूर तालुक्यांतील आमच्या कवठे येमाई गांवांत एकच प्रश्न घरोघर फिरूं लागतो. मुलानें पुढें काय करावें ? कॉलेजांत जाऊन पदवी घ्यावी, कीं हाताचें एखादें कसब शिकून लवकर मिळवतें व्हावें ? मी आयुष्यभर मास्तरकी केली. आतां निवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटलीं, तरी पालक सवयीनें विचारावयास येतात. कोणी देवळाच्या वाटेवर थांबवितो, कोणी मुलाला घेऊनच घरीं येतो आणि म्हणतो, "गुरुजी, तुम्हीच सांगा."

या प्रश्नाला मी बरींच वर्षें एक ठरलेलें उत्तर देत असें. वर्गांतील एखादा मुलगा नापास होऊन खिन्न बसला, कीं त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगावयाची. शाळेंत मन रमलें नाहीं, पदवी घेतली नाहीं, आणि तरी केवढे मोठे कारखानदार झाले पाहा ! मुलाला धीर येई आणि मलाहि समाधान वाटे. एके वर्षीं गांवांतील एका सुताराच्या मुलानें मला सहज विचारलें, "गुरुजी, ही गोष्ट तुम्ही नापास झालेल्यांनाच कां सांगतां ? पहिल्या नंबरच्या मुलाला कां नाहीं सांगत ?" मुलगा अभ्यासांत चांगला होता. मजजवळ उत्तर नव्हतें. कांहींतरी बोलून मीं वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. आज त्याचें उत्तर आपल्या प्रांताच्या इतिहासांत शोधण्याचा प्रयत्न करणार आहें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं तो खेड्यांत कोणी विचारलाच नसता. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचे धंदे जन्मानेंच ठरलेले असत. सुताराच्या मुलानें बापाच्या हाताखालीं वाकस चालवावयास शिकावें, लोहाराच्या मुलानें भाता ओढावा, आणि सुगी आली कीं खळ्यावर जाऊन आपलें बलुतें घेऊन यावें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत ही व्यवस्था बारकाईनें वर्णिली आहे. तींत पोटाची कांहीं हमी होती, पण निवड नव्हती. ज्याच्या हातांत कसब होतें त्याला अक्षर नव्हतें, आणि ज्याला अक्षर होतें त्याला हातानें काम करणें कमीपणाचें वाटे. हात एकाकडे आणि पुस्तक दुसऱ्याकडे, अशी ती वांटणी होती.

इंग्रजी अमदानींत नव्या शाळा निघाल्या तेव्हां ही वांटणी मोडण्याची संधि होती. १८५४ सालीं पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली. रस्ते, पूल, इमारती यांच्या कामांवर लागणारे दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणें हा तिचा हेतु होता. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८६२ सालीं त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. अवघे चौघे ! अशा विरळ पदवीधराला सरकारी नोकरीची वाट मोकळी असे. लोकांनीं हिशेब चटकन ओळखला. पदवी म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार व चारचौघांत मान. आमच्यासारख्या पर्जन्यछायेच्या मुलखांत पाऊस केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. तेथें ठरलेल्या पगाराची किंमत काय हें निराळें सांगावयास नको. पदवीचा हव्यास हा केवळ मोठेपणाचा हव्यास नव्हता. तो स्थैर्याचा शोध होता. पदवीमागें धांवणाऱ्यांची थट्टा करणाऱ्यांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें.

तथापि या व्यवस्थेचे दोषहि लवकरच दिसूं लागले. १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर शिक्षण आयोगापुढें आपलें निवेदन सादर केलें. त्यांत त्यांनीं स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे कंत्राटदार अशी करून दिली आहे. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, हायस्कुलांतील शिक्षण रोजच्या व्यवहाराच्या उपयोगाचें नाहीं. तें कारकून आणि शाळामास्तर तयार करण्यापुरतें ठीक आहे. मी स्वतः मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालेला. तेव्हां हा टोला मला निमूटपणें सोसलाच पाहिजे. पण या टीकेची दुसरी बाजू आपण बहुधा विसरतों. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलांना शाळा नको, त्यांनीं आपलें वडिलोपार्जित काम करावें, असें जोतीराव म्हणत नव्हते. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, त्यांत मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब आणि शेतीचें मूलभूत ज्ञान असावें, अशी त्यांची मागणी होती. मुलाच्या हातांतलें पुस्तक त्यांना काढून घ्यावयाचें नव्हतें. पुस्तकाला काम जोडून द्यावयाचें होतें.

पुढें १८८७ सालीं मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं कलाभवन सुरू केलें. त्याच वर्षीं पुण्यास औद्योगिक परिषद भरली आणि तिचे प्रवर्तक न्यायमूर्ति रानडे हे होते. विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकीं एकानेंच देशाला उद्योगधंद्यांचा मार्ग दाखवावा, यांत पुष्कळ अर्थ भरलेला आहे. पदवी आणि कसब यांचें वैर त्यांनीं तरी मानलें नव्हतें.

आतां माझ्या त्या जुन्या गोष्टीकडे वळतों. पण या वेळीं ती पुरी सांगतों.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या अभ्यासांत त्यांचें मन लागेना. तें चित्रें काढण्यांत आणि यंत्रांशीं खटपट करण्यांत रमे. १८८५ सालीं, वडिलांना पसंत नसतांनाहि, वडील बंधु रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. दोन वर्षांनीं असें आढळलें कीं कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाहीं. चित्रकाराचा रस्ता तेथेंच बंद झाला. तेव्हां ज्यांत रंगांचें काम नाहीं असें यंत्रांचें रेखन त्यांनीं हातीं घेतलें, आणि त्याच विषयाचे दुय्यम शिक्षक म्हणून ते व्हिक्टोरिया जुबिली इन्स्टिट्यूटमध्यें काम करूं लागले. पुढें बढतीची वेळ आली तेव्हां त्यांना डावलून ती दुसऱ्यास देण्यांत आली. त्यांनीं नोकरी सोडली आणि बेळगांवची वाट धरली.

बेळगांवास दोघां भावांचें सायकलींचें दुकान होतें. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजतात तो या दुकानापासून. त्यानंतर त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर मातीचा थर उलथून टाकतो, आणि हरळीच्या मुळ्या वर येऊन उन्हानें वाळतात. पण लोखंडानें जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें बेळगांवांतील जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळचें माळरान त्यांना दिलें. निवडुंग आणि साप यांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं कारखाना उभा राहिला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी.

मी मुलांना गोष्ट सांगत असें ती एवढीच. तिच्यांतला जो भाग मी गाळीत असें, तो खरा महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट अशी कीं लक्ष्मणरावांनीं शाळा सोडली, शिक्षण सोडलें नाहीं. यंत्ररेखन हें शास्त्र आहे. एखादी वस्तु समोरून, वरून आणि बाजूनें कशी दिसेल हें मापानें कागदावर उतरवावयाचें, आणि दुसऱ्यानें काढलेला आराखडा पाहून ती वस्तु मनांत उभी करावयाची, याला रेखागणित पक्कें लागतें. लोखंडी नांगराचा ओतीव भाग करतांना आधीं त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. कारखान्यांत त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूंत दाबून सांचा तयार होतो आणि सांच्यांत रस ओततात. ओतीव लोखंडाचा रस थंड होतांना आकसतो, तो फुटामागें सुमारें अष्टमांश इंच. म्हणून लाकडी नमुना तेवढ्या हिशेबानें मोठा ठेवावा लागतो. हा हिशेब चुकला तर भट्टी पेटविण्याचे सारे श्रम फुकट जातात. हा लाकडी नमुना करणारा कारागीर मूळचा कोण ? सुतारच.

येथें मला त्या सुताराच्या मुलाची आठवण होते. लोखंडी नांगर आला आणि बाभळीचा नांगर घडविणाऱ्या गांवच्या सुताराचें एक जुनें काम गेलें. पण त्याच नांगरानें कारखान्यांत सुतारकीला नवी जागा निर्माण केली. त्या जागेवर बसावयाचें तर वाकस आणि रंधा एवढे पुरत नव्हते. अपूर्णांक आणि आराखडा यायला हवा होता. ज्या सुताराला ते आले त्याची विद्या वाढली. ज्याला ते शिकण्याची सोय मिळाली नाहीं, त्याच्या बोटांत कितीहि कला असली तरी ती गांवच्या वेशीआंत अडकून पडली. कसब असूनहि माणूस मागें कां राहतो, याचें हें एक कारण आहे. दोष हाताचा नसतो. हाताला पुढें नेणारी विद्या त्याच्यापर्यंत पोंचलेली नसते.

दुसरी गोष्ट, लक्ष्मणरावांना एक रस्ता बंद झाल्यावर दुसरा धरण्याइतका अवकाश मिळाला. मागें बंधूंचा आधार होता, मुंबईसारख्या शहरीं संस्था होत्या, पुढें एका राजानें जमीन दिली. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळें यत्किंचित् उणेपणा येत नाहीं. पण हा आधार नसलेल्या नापास मुलाला "त्यांचें झालें तसें तुझेंहि होईल" असें सांगणें, ही मी केलेली फसवणूकच होती.

तिसरी गोष्ट, शिक्षणाविषयीं त्यांना तुच्छता असती तर मुलांच्या बाबतींत ती दिसली असती. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांना त्यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्येच्या संस्थेंत पाठविलें. १९२६ सालीं ते यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले, आणि पुढें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. विहिरीवर बसविलेलें तें इंजिन माझ्या पिढीच्या शेतकऱ्यांना घरच्या माणसासारखें परिचयाचें आहे. त्याच किर्लोस्करवाडींत शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर यांच्यासारखे कल्पक यंत्रज्ञहि नांवारूपाला आले. पदवी नाहीं म्हणून तेथें कोणाला हटकलें नाहीं, आणि पदवी आहे म्हणून कोणाची टर उडविली नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. १८५४ सालच्या ज्या वर्गाचा मीं उल्लेख केला तो वाढत जाऊन पुण्याचें इंजिनिअरिंग महाविद्यालय झाला. बंगलोरहून १८८१ सालीं बी. ए. झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यास आले आणि येथूनच १८८३ सालीं त्यांनीं इंजिनिअरिंगची परीक्षा दिली. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असतांना त्यांनीं आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे योजिले, आणि १९०३ सालीं ते खडकवासल्याच्या धरणावर बसले. पुण्याच्या पाण्याशीं ज्यांचा संबंध आहे अशा श्रोत्यांना खडकवासल्याचें महत्त्व सांगावयास नको. पाण्याचा दाब, दरवाज्याचें वजन आणि तोल यांचें गणित मांडल्याशिवाय केवळ हाताच्या सवयीनें असे दरवाजे झाले नसते. पण तें गणित शेवटीं लोखंडांत आणि दगडांत उतरलें म्हणूनच त्याची किंमत. तेव्हां पदवी वाईट नव्हे. जिचा कोठेंहि कामाशीं स्पर्श होत नाहीं ती पदवी मात्र पोकळ.

श्रोतेहो, येथपर्यंतचें विवेचन बहुतेकांना मान्य होईल. पण या प्रश्नाला आणखी एक अंग आहे, आणि सुशिक्षित घरांतून तें सहसा बोललें जात नाहीं. "हल्लीं पदवीला कोण विचारतो ? हाताचें काम शिका," असा उपदेश आपण करतों, तो कोणाच्या मुलांना ? ज्यांच्या घरीं तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांनीं आपल्या मुलाला सुतारकामाला घातलें, तर ती हौस ठरते, किंबहुना कौतुक होतें. पण ज्यांच्या पूर्वजांवर विशिष्ट काम जन्मानें लादलें गेलें होतें, त्यांच्या कानांना तोच उपदेश "तुम्ही आपल्या जागीं राहा" असा ऐकूं येतो, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ सालीं मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले आणि पुढें कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्या पदव्यांची किंमत पगारांत मोजतां येणार नाहीं. शेंकडों वर्षें बंद असलेलें दार त्यांनीं उघडलें. म्हणूनच बाबासाहेबांनीं उच्च शिक्षणावर एवढा भर दिला. १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, मिलिंद महाविद्यालय त्यांच्या संस्थेनें सुरू केलें.

१९३७ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. एखाद्या हस्तव्यवसायाच्या द्वारें सर्व शिक्षण द्यावें, ही कल्पना तेथें मांडली गेली. कल्पनेंत एक मोठी गोष्ट होती : हातानें काम सर्वांच्याच मुलांनीं करावयाचें होतें. व्यवहारांत मात्र सुखवस्तु घरांनीं आपलीं मुलें बहुधा नेहमींच्या शाळांतच ठेविलीं. कसब ही गरिबाच्या मुलाची वाट आणि पदवी ही आपल्या मुलाची, ही जुनी वांटणी मनांतून गेली नाहीं. ती जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत कसबाला खरा मान मिळणार नाहीं; कारण कसबाचा मान कमी होतो तो कामाच्या हलकेपणानें नव्हे, तर त्याला नाइलाजाची जागा मानल्यानें.

माझी चूक हीच होती. लक्ष्मणरावांची गोष्ट नापास मुलालाच सांगून मी प्रत्येक वेळीं वर्गाला अप्रत्यक्षपणें शिकवीत होतों कीं, कसब म्हणजे उरलेल्यांची वाट.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिति पुष्कळ बदलली. १९५० सालीं केंद्र सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली. गांवोगांवच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांना आपण आयटीआय म्हणतों, त्या योजनेंतून उभ्या राहिल्या. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांसंबंधीं कायदा झाला. आज आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षांत, आणि पदविका घेतलेल्याला इंजिनिअरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. ही जिन्याची सोय फार मोलाची आहे, आणि पुष्कळ पालकांना ती ठाऊकच नसते. आमच्याच तालुक्यांत, महागणपतीच्या रांजणगांवाजवळ, मोठी औद्योगिक वसाहत आहे. आजच्या कारखान्यांतील संगणकावर चालणाऱ्या यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या कामगाराला आराखडा वाचतां आला पाहिजे आणि मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजतां आलें पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीं पॅटर्न करणाऱ्या सुताराला जें लागत होतें तेंच आजहि लागतें. माप मात्र अधिक बारीक झालें आहे.

म्हणून आतां कोणी विचारावयास आलें तर मी पदवी घ्या कीं कसब शिका हें सांगत नाहीं. मी तीन गोष्टी विचारतों. ही निवड मुलाची किंवा मुलीची आहे, कीं बापाच्या धंद्यावरून, घरच्या अडचणीवरून अथवा गुणपत्रिकेवरून दुसऱ्यांनीं केलेली आहे ? तेथें काम कसें करावयाचें एवढेंच शिकवितात, कीं तें तसेंच कां करावयाचें हेंहि शिकवितात ? आणि चार वर्षांनीं मन बदललें, डोळ्यांना रंग दिसत नाहींत असें आढळलें, तर तेथून पुढें जाणारी दुसरी वाट आहे काय ? हे तिन्ही प्रश्न पदवीलाहि विचारावे. ज्या पदवीच्या तीन वर्षांत मुलगा एकदांहि कांहीं मोजीत नाहीं, घडवीत नाहीं किंवा स्वतः शोधून लिहीत नाहीं, ती त्याला कोठें नेणार याचा विचार घरच्यांनीं आधींच करावा.

त्या सुताराच्या मुलाला मला त्या दिवशीं उत्तर देतां आलें नाहीं. आज देतों. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. ती गोष्ट पहिल्या नंबरच्या मुलाला आधीं सांगावयास हवी होती, म्हणजे हाताचें काम हें हरलेल्याचें काम नव्हे हें त्याला कळलें असतें. आणि नापास झालेल्याला मला ती पुरी सांगावयास हवी होती, म्हणजे शाळा सुटली तरी शिकणें सुटत नाहीं हें त्याला कळलें असतें.

श्रोतेहो, निकालाच्या दिवसांत आपल्या घरींहि हा प्रश्न निघेल. तो मुलांसमोर, मुलांना बोलतें करून सोडवावा, एवढी विनंति.